साठीनंतरचा स्वयंपाकी

साठ वर्षं ज्याला स्वतःच्या घरात साखर कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नव्हतं, तोच गृहस्थ एकसष्टाव्या वर्षी बायकोला "साखरेच्या डब्यावर तारीख का नाही?" असं विचारू लागला की समजावं, हा आता स्वयंपाक शिकला. निवृत्तांपैकी काही सकाळी बागेत जाऊन सामुदायिक हसतात, काही सोसायटीच्या कमिटीत शिरून इतरांना रडवतात. त्यांचा उपद्रव निदान चार लोकांत वाटला जातो. स्वयंपाकघरात शिरलेल्याचा सगळा भार एकट्या बाईवर पडतो, आणि तिला बदली मागायची सोय नसते.

हा माणूस ओळखायला सोपा आहे. तो "भाजी छान झालीय" असं कधी म्हणत नाही, "भाजी बरोबर झालीय" म्हणतो. लग्नाच्या जेवणात ताट घेण्याआधी तो भातावरचं झाकण उचलून वाफ येतेय का ते बघतो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की बैठकीच्या खोलीत टेकत नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जातो, गॅसची नळी वाकून बघतो आणि बाहेर येऊन यजमानांना हळूच विचारतो, "केव्हा बदलली होती?" यजमानांना वाटतं सोफ्याबद्दल विचारतायत.

आमच्या मजल्यावर असे एक काका आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला त्यांची सारी हयात गेली. माल पास करायचा की परत पाठवायचा, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. घरी मात्र समोर आलेलं ताट त्यांनी बिनतक्रार पास केलं. निवृत्त झाल्यावरही काही महिने असेच गेले असते, पण लेकीच्या बाळंतपणासाठी काकू बंगळूरला गेल्या आणि काका घरात एकटे राहिले. आठवडाभर डबा लावला. डब्यातल्या आमटीचा रंग रोज वेगळा येतो, म्हणजे बॅच टू बॅच कन्सिस्टन्सी नाही, असं म्हणून त्यांनी तो बंद केला आणि बंगळूरला फोन लावला.

"वरणभात करायचाय. तांदूळ किती घेऊ?"

"एक वाटी."

"कुठली वाटी?"

"आपली."

काकांनी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानं पाणी ओतून एकेक मोजली. कुठलीच वाटी दुसरीशी जुळेना, आणि 'आपली' नावाची वाटी तर त्यांत नव्हतीच. "मीठ?" विचारल्यावर "चवीपुरतं" असं उत्तर आलं. "अगं, अजून शिजायचाय, चव कळणार कशी?" त्यावर पलीकडून नातवाच्या रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. काकूंच्या कपाटात कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होती. १९७० साली निघालेलं आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक नव्या सुनांना तारून नेणारं पुस्तक. काकांनी ते रात्रभर वाचलं आणि "या बाईंनी निदान मापात लिहिलंय" असं म्हणून लाल पेनानं समासात मिलिलिटर भरले. तिथून त्यांचं शिक्षण सुरू झालं.

पहिला धडा कुकरचा. बायकांच्या शिट्ट्या मोजण्याच्या पद्धतीवर काकांचा मुळातच आक्षेप. "शिट्टी हे माप नव्हेच," ते म्हणतात. "शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याचा आवाज. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत तीन होतील, बारीक आचेवर एकही होणार नाही. पूर्ण दाब आला की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची." शास्त्र अगदी बरोबर आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, आणि डाळ शिजते ती त्या तापमानात घालवलेल्या वेळामुळे. हे भांडं मुळात दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली काढलं आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानंच बसवला, ही माहिती काका पानावर बसलेल्या पाहुण्याला देतात. तोवर वरण निवतं.

कुकर लावण्यापूर्वी काका त्याच्या झाकणाचं भोक खिडकीकडे धरून एका डोळ्यानं उजेड पाहतात, मग त्यात फुंकर मारतात. रबर ताणून तडा बघतात. भांडं दोनतृतीयांशाच्या वर भरायचं नाही, डाळ असेल तर निम्म्याच्या वर नाही, कारण डाळीचा फेस वर येऊन भोक बुजवतो. त्यासाठी त्यांनी कुकरला आतून दोन खुणा केल्यात. काकू परत आल्यावर त्यांनी या खुणा पाहिल्या, शांतपणे डाळ लावली आणि म्हणाल्या, "मी शिट्ट्या मोजते कारण त्या पाठमोरं उभं राहूनही ऐकू येतात. तुमच्या घड्याळाकडे बघत बसले तर पोळ्या कोण लाटेल?" काकांनी वहीत 'सूचना विचाराधीन' असं लिहिलं.

दुसरा धडा चिरण्याचा. काकू जमिनीवर विळी घेऊन बसतात. काकांचे गुडघे त्याला परवानगी देत नाहीत, आणि दिली असती तरी धारदार पातं उघडं उभं ठेवून हातातली वस्तू त्याच्याकडे न्यायची, ही रचनाच त्यांच्या मते कुठल्याही सेफ्टी ऑडिटमध्ये टिकणार नाही. त्यांनी आठ इंची सुरी आणली, आणि तिला धार लावायचा दगडही. "बोथट सुरी जास्त धोक्याची," हे त्यांचं आवडतं वाक्य. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते, हे खरंच आहे.

त्यांना कांदा चिरताना मी एकदा जवळून पाहिलंय. आधी त्यांनी बोर्डाखाली ओलं फडकं अंथरलं, म्हणजे बोर्ड सरकत नाही. कांदा उभा कापून दोन भाग केले आणि सपाट बाजू खाली ठेवली, म्हणजे कांदा डगमगत नाही. मुळाकडचा भाग तसाच ठेवला, कारण तो पाकळ्या धरून ठेवतो. डाव्या हाताची बोटं आत दुमडली आणि सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकवलं, म्हणजे नख कापलं जात नाही. इथपर्यंत सगळं एखाद्या पंचतारांकित हॉटेलात शोभेलसं. मग आधी आडवे काप, मग उभे काप, मग बारीक चौकोन. आणि मग त्यांनी खिशातून कारखान्यातलं व्हर्नियर कॅलिपर काढलं. "साडेतीन... चार... साडेतीन... हा पाच आहे." पाच मिलिमीटरचा तुकडा बाजूला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हाताला कांदा लागलेला म्हणून पुसायची सोय नाही. तेवढ्या वेळात काकूंनी विळीवर पावशेर गवार मोडली, अर्धा नारळ खवला, दारावरची बेल वाजली तेव्हा उठून कुरिअर घेतलं आणि परत येऊन कोथिंबीर चिरली. आता खरं सांगायचं तर काकूंच्या अंगठ्याला पट्टी होती आणि काकांची दहाही बोटं शाबूत होती. पण त्या कांद्याचे पोहे आम्ही साडेदहाला खाल्ले, आणि बाजूला ठेवलेले पाच मिलिमीटरवाले तुकडे त्यात नव्हते.

काकू बंगळूरहून परत आल्या तेव्हा त्यांचं स्वयंपाकघर त्यांना ओळखू आलं नाही. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मीठ, साखर, रवा, भगर. चिठ्ठीवर भरल्याची तारीख आणि 'तपासणी' म्हणून काकांची सही. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या वर्णमालेप्रमाणे लावलेल्या, म्हणजे जिऱ्याशेजारी तिखट आणि हळद पार शेवटी. इतकी वर्षं अंधारातही जिथे हात जायचा तिथे आता आमटीत मोहरीऐवजी मेथी पडायला लागली. फ्रीजवर एक तक्ता. वरच्या कप्प्यात शिजवलेलं, खालच्या कप्प्यात कच्चं, कच्च्याचं पाणी शिजवलेल्यावर ठिबकता कामा नये. आणि ओट्यावर तीन रंगांचे तीन बोर्ड. हिरवा भाजीचा, लाल कच्च्या मांसाचा, निळा मासळीचा.

पहिल्याच रविवारी ठिणगी पडली. काकूंनी चिकन नळाखाली धरलं आणि काका बाथरूममधून ओरडत आले. "धुऊ नकोस! कच्चं चिकन धुतलं की त्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. शिजवताना आत ७४ अंश झाले की ते मरतातच." हेही खरं आहे. जगभरातल्या अन्नसुरक्षेच्या संस्था आता हेच सांगतात. काकूंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. न धुता मांस शिजवायचं, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पुढचा अर्धा तास काका एकेक नियम सांगत राहिले. लाल बोर्डाला हात लागला की आधी वीस सेकंद साबणानं धुवायचे, मगच डब्याला हात लावायचा. चिकनचा चमचा कोशिंबिरीला नाही. हे फडकं त्याला नाही, ते फडकं याला नाही.

काकू शांतपणे म्हणाल्या, "सासूबाईंचं सोवळं परवडलं. त्या निदान स्वयंपाक स्वतः करायच्या."

घाव वर्मी बसला, कारण काकांचा इतिहास सगळ्यांना माहीत होता. तरुणपणी याच काकांनी आईच्या सोवळ्याविरुद्ध घरात बंड केलं होतं. खरकट्याचा हात तुपाच्या भांड्याला लावू नको म्हटलं की ते मुद्दाम लावायचे. आता त्यांना कळलं होतं की आईच्या त्या पसाऱ्यात एक कलम बिनचूक होतं. उष्ट्याचा हात साठवणीच्या वस्तूला लागू द्यायचा नाही. माणसा-माणसांतला भेद त्यातून काढून टाकला तर खाली उरतं ते त्यांच्या फ्रीजवरच्या तक्त्यात बसतं. पण हे आईला सांगायची सोय नव्हती आणि बायकोला सांगायचं धाडस नव्हतं.

मग आला तापमापक. लांब सुईचा, पदार्थात खुपसायचा. पाच ते साठ अंश हा काकांच्या मते धोक्याचा पट्टा. त्यात जंतू झपाट्याने वाढतात, अगदी पोषक परिस्थिती मिळाली तर दर वीस मिनिटांनी दुप्पट. एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर होतात, हा हिशेब त्यांनी पाहुण्यांना श्रीखंड वाढता वाढता सांगितला. पाहुण्यांनी श्रीखंड पुरे म्हटलं. सुई साबुदाण्याच्या खिचडीत गेली, थालीपिठात गेली, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातही गेली. तेव्हा गुरुजींनी एवढंच विचारलं, "ताप आहे का?"

खरी लढाई फोडणीच्या भातावर झाली. मराठी घरात रात्रीचा भात उरतो तो सकाळी फोडणी देण्यासाठीच. काकूंचा नियम असा की भात पातेल्यात तसाच ओट्यावर ठेवायचा, झाकण जरा तिरपं. काकांनी त्यावर लाल चिठ्ठी लावली. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ती उगवतात आणि विष सोडतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीनं जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात घालून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा.

"आमच्या माहेरी सगळे हाच भात खाऊन मोठे झाले," काकू म्हणाल्या.

"जे झाले ते सांगायला उरले."

"वास घेऊन बघते मी. खराब असेल तर कळतं."

"आजार करणाऱ्या जंतूंना वास नसतो!"

इथे काका शंभर टक्के बरोबर होते आणि काकूंना ते मनातून पटलंही होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून भात फ्रीजमध्ये जायला लागला. मात्र तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, "ओट्यावर पसारा नको म्हणून ठेवते." राजम्याचंही तसंच. कच्चट राजम्यात पोट बिघडवणारा घटक असतो, म्हणून तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नंतर चांगला खळखळून उकळायला हवा. नुसता मंद आचेवर रेंगाळत ठेवला तर तो घटक उलट वाढू शकतो. काकांनी हे सांगितलं तेव्हा काकूंनी उत्तर दिलं, "मी भिजवलेलं पाणी कधीच वापरत नाही. गॅस होतात." कारण निराळं, पण कृती तीच. काकांना हे फार लागतं. आपण चार पुस्तकं वाचून जिथे पोचलो तिथे ही बाई आधीपासून बसलेली आहे आणि तिला पोचल्याचा आनंदही नाही.

लोणच्याच्या वेळी तर कहर झाला. काकूंनी कैऱ्या पुसून कोरड्या केल्या, बरणी धुऊन उन्हात ठेवली, मीठ, मोहरी, गार केलेली तेलाची फोडणी, आणि तेल फोडींच्या वर येईल एवढं. बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला घरातून बाहेर काढण्याची जुनी धमकी. काका मागे हात बांधून उभे राहिले आणि सगळं झाल्यावर म्हणाले, "तुला माहितीय, हे लोणचं का टिकतं? मिठामुळे जंतूंना वापरता येईल असं पाणी कमी होतं. त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात."

"ते मी टिकवते म्हणून टिकतं," काकू म्हणाल्या आणि बरणीला दादरा बांधला.

या जातीच्या माणसाचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे नियम उंबऱ्याच्या आतच लागू असतात. घरात धने पूडच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर' उलटून चार दिवस झाले म्हणून ते फेकायला निघालेले काका, ती तारीख चवीची आणि दर्जाची असते, 'यूज बाय'सारखी जिवाची नसते, हा फरक स्वतःच इतरांना समजावून सांगतात, आणि तरीही पाकीट फेकतात. संध्याकाळी तेच काका स्टेशनबाहेर उभे असतात. गाडीवाला उजव्या हातानं पैसे घेतो, त्याच हातानं पाव फाडतो, सुकी चटणी भरतो आणि वर्तमानपत्राच्या कागदात वडापाव गुंडाळून देतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका असं २०१६ सालीच बजावलंय, कारण शाई पदार्थाला लागते. काकांना ते तोंडपाठ आहे. मी नुसतं त्या कागदाकडे बघितलं. काका म्हणाले, "तेल १८० अंशांना असतं. त्यात काही जगत नाही." मी हिरव्या चटणीकडे बघितलं. काकांनी दुसरा वडापाव सांगितला.

भांडी हा आणखी एक नाजूक विषय. काकू पोहे करतात तेव्हा एक कढई, एक रोळी आणि एक उलथणं घाण होतं. काका करतात तेव्हा तीन रंगांचे बोर्ड, सगळी मापं, दोन सुऱ्या, किसणी, चार वाट्या ('घटक आधी काढून ठेवावेत'), चवीसाठी वेगळे चमचे, आणि चवीचा चमचा परत पदार्थात जाता कामा नये म्हणून दर वेळी नवा. शिवाय भांडी घासायचा स्पंज हे घरातलं सगळ्यांत घाण ठिकाण असतं, असं ते भांड्यांच्या मावशींना समजावतात, पण त्या स्पंजला हात लावत नाहीत. मावशी मोरीत डोकावतात आणि विचारतात, "वहिनी, आज पाहुणे होते, का काकांनी पोहे केले?"

सगळ्या विद्येला एका ठिकाणी मात्र खीळ बसली, ती भाकरीपाशी. काकांनी प्रत्येक पदार्थाची लेखी प्रक्रिया तयार केली होती. 'ज्वारीची भाकरी' या पानावर पहिले तीन टप्पे सुंदर अक्षरात आहेत. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवावं म्हणजे चिकटा येतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्यावं. तळहाताच्या बुडानं रेटून मळावं. चौथ्या टप्प्यात एकच शब्द आहे, 'थापावी'. त्यापुढचा तपशिलाचा रकाना कोराच. काकूंचा हात परातीत फिरतो तशी भाकरी आपोआप गोल सरकते, कड पातळ होते, आणि तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की ती टम्म फुगते. हाताचा दाब किती, कोन किती, किती थापांनंतर थांबायचं, हे काकांनी मोबाइलवर चित्रण करून पाहिलं, संथ गतीनं पाहिलं, काकूंना मध्येच थांबवून मोजलं. काकांची भाकरी तव्याकडे जाताना वाटेतच दुभंगते. एकदा ते काकूंना म्हणाले, "तू नक्की काय करतेस ते सांग ना." काकू हाताकडे बघत जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "काही नाही. पिठाला कळतं तेव्हा थांबते." वहीत हे लिहिता आलं नाही.

आता एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस निव्वळ त्रास आहे. तसं नाही. आमच्या इमारतीत गॅसच्या बाबतीत काकांचा शब्द अखेरचा, आणि तो त्यांनी कमावलाय. सिलिंडर आला की ते त्याच्या वरच्या पट्टीवरचा तपासणीचा कोड वाचतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे तीन-तीन महिने, आणि पुढे वर्ष. मुदत उलटलेला सिलिंडर ते दारातूनच परत पाठवतात. नुसत्या टाकीचं वजन वर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवून काट्यावर तपासतात. सील फोडून आतलं रबर बघतात. सिलिंडरवाल्या पोरांना आमच्या मजल्यावर यायला नको वाटतं, आणि ते बरंच आहे. नळीवर छापलेलं साल बघून पाच वर्षांनी ती बदलायला काकांनी सगळ्या बिऱ्हाडांना भाग पाडलं.

एकदा दुसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या जोडप्याच्या घरी गॅसचा वास सुटला. मुलगा घाबरून एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबायला निघाला होता. जिन्यातून चाललेले काका तिथूनच ओरडले, "बटणाला हात लावू नको!" आत गेले, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर बाहेरून फोन लावला. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि बटणाची ठिणगीही पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाणेरड्या वासाचं रसायन मिसळलेलं असतं. हे सगळं काकांनी त्या मुलाला नंतर जिन्यात बसवून तासभर सांगितलं. मुलगा मान डोलावत राहिला. त्याची बायको मात्र दुसऱ्या दिवशी काकूंकडे वाटीभर खीर घेऊन आली. काकांनी ती बिनतपासणी खाल्ली. तापमापक घरातच होता.

त्या दिवसानंतर काकूंनी घराची फाळणी केली. गॅस, कुकरचं रबर, फ्रीज, तारखा, पाण्याचा फिल्टर, उरलेला भात आणि सुऱ्यांची धार ही खाती काकांकडे. फोडणी, मीठ, भाकरी आणि लोणचं काकूंकडे. मिसळणाचा डबा पूर्ववत. एका वेळी भांडी किती काढायची यावर मर्यादा, आणि जो काढेल त्यानं घासायची. हे शेवटचं कलम काकांनी तीन दिवस विचाराधीन ठेवलं, मग सही केली. आता ते भांडी घासतात, आणि चमत्कार असा की त्यांचे पोहे एका कढईत होऊ लागलेत.

या जातीच्या माणसाला हसणं सोपं आहे, पण तो तयार कुणी केला? साठ वर्षं ताट समोर येत राहिलं आणि त्याच्या आईला, बहिणीला, बायकोला, कुणालाच त्याला आत बोलवावंसं वाटलं नाही. त्यालाही कधी उठून जावंसं वाटलं नाही. हाताला जे दहाव्या-बाराव्या वर्षी सहज कळतं, ते साठीनंतर फक्त डोक्याला कळतं, आणि मग डोकं हाताला हुकूम सोडत बसतं. काका जे सांगतात त्यातलं बहुतेक बरोबर आहे, त्यांचं ऐकावं. पण घरात शाळकरी मुलगा असेल तर त्याला याच सुट्टीत कुकर लावायला, कांदा चिरायला, उरलेलं झाकून ठेवायला आणि स्वतःचं ताट घासायला लावा. वेळेवर शिकला तर जेवू घालेल. साठीनंतर शिकला तर तपासणीला येईल.